‘करंट देतत काय गो?’ लघवीच्या दाब-तपासणीत काय करतात आणि तिची भीती कशी कमी होते

पावसाळा तोंडावर आला असताना कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून काकीचा फोन आला. "गो बाय, डॉक्टरान कायतरी डायनॅमिक लिवन दिल्यान. करंट देतत काय गो?"

काकीचं वय बासष्ट. खोकलं, शिंकलं, भाताचा भारा उचलला की लघवी सुटते. अलीकडे दुसरंही सुरू झालंय: लघवीला लागलं की न्हाणीघरापर्यंत पोचेस्तोवर धीर निघत नाही. हे तिनं सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी परिचारिका, लघवीच्या विकारांच्या विभागात रोज अशाच बायका बघणारी, आणि मलाही नाही. का नाही सांगितलंस म्हटल्यावर ती म्हणाली, "पावसात बरा असता गो. साडी भिजलेलीच असता." लावणीला चिखलात उभ्या असलेल्या बाईकडे बघून कुणाला काय कळणार? त्रास व्हायचा तो कोरड्या दिवसांत. म्हणून जत्रेत रात्रभर बसून दशावतार बघणं तिनं सोडलं, एसटीनं माहेरी जाणंही सोडलं.

डॉक्टरांनी लिहून दिली होती ती युरोडायनॅमिक तपासणी, म्हणजे लघवीची पिशवी भरताना आणि रिकामी होताना आतला दाब आणि बाहेरची धार मोजणं. इथून पुढे मी तिला नुसती दाब-तपासणी म्हणेन. त्यात करंट देत नाहीत. पण ‘डायनॅमिक’ ऐकून डायनामो आठवलेली काकी पहिली नाही, आणि तिच्यासारख्या अनेकजणी या भीतीनं तारीख घेऊन येतच नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

बूच सैल की पिशवीच दाबली जातेय?

शेकायची रबरी गरम पाण्याची पिशवी डोळ्यांसमोर आणा. तिच्यातून पाणी गळतंय. कारणं दोन असू शकतात. एक तर बूच सैल आहे, त्यामुळे जरा धक्का बसला की पाणी उसळून बाहेर येतं. किंवा बूच ठीक आहे, पण पिशवीच कुणीतरी मुठीत धरून दाबतंय. बाहेरून दोन्हीकडे ओलं झालेलं अंथरूणच दिसतं.

आपल्या लघवीच्या पिशवीचं असंच आहे. तिची भिंत स्नायूची असते. भरत असताना हा स्नायू सैल राहतो आणि खालची झडप मिटलेली असते. आपण बसलो की झडप सुटते आणि स्नायू आवळतो. झडप आणि तिच्याखालचे आधाराचे स्नायू सैल पडले, तर खोकताना गळतं. पिशवीचा स्नायू आपल्याला न विचारता मध्येच आवळला, तर अनावर घाई होते. पहिल्या त्रासावर व्यायाम आणि शस्त्रक्रिया उपयोगी पडतात. दुसऱ्यावर सवयी बदलणं आणि गोळ्या. दुसरा त्रास असताना फक्त पहिल्याची शस्त्रक्रिया केली, तर टाके पडूनही घाई तशीच राहू शकते. काकीला दोन्ही होतं, म्हणून डॉक्टरांना कुठला त्रास किती, हे मोजून हवं होतं.

पुरुषांत प्रश्न बहुधा उलटा असतो. धार बारीक झाली ती प्रोस्टेटच्या गाठीनं वाट अडवली म्हणून, की पिशवीतच जोर उरला नाही म्हणून? तेही बाहेरून सांगता येत नाही.

खोलीत काय काय होतं

आधी भरल्या पिशवीनं एका खास खुर्चीवर बसून लघवी करायची. खाली धारेचा वेग मोजणारं यंत्र असतं. तिथं १५० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली तर आलेख फारसा भरवशाचा नसतो, म्हणून ‘भरल्या पिशवीनं या’ असं सांगतात. मग आत किती उरली ते सोनोग्राफीनं किंवा नळीनं बघतात.

त्यानंतर लघवीच्या वाटेनं एक बारीक नळी आत सरकवतात. तिची जाडी साधारण २ मिलिमीटर, म्हणजे माडाच्या झाडणीतल्या हिराएवढी. पण हीर ताठ असतो आणि ही नळी मऊ, वाकणारी असते. शस्त्रक्रियेनंतर लघवी साठवायची पिशवी बाहेर लावलेले रुग्ण तुम्ही पाहिले असतील, त्यांची नळी हिच्या दुप्पट-अडीचपट जाड असते.

दुसरी तितकीच बारीक नळी शौचाच्या जागेतून थोडी आत ठेवतात. इथं बहुतेकजणी दचकतात. त्रास लघवीचा, मग इथं कशाला? बंदरावर मासळी टोपलीसकट काट्यावर ठेवतात आणि टोपलीचं वजन वजा करतात, तसं हे आहे. पिशवीतल्या नळीला जो दाब कळतो त्यात पोटाचाही दाब मिसळलेला असतो. खोकलात, हसलात, कुशीवर वळलात तरी तो वाढतो. दुसरी नळी फक्त पोटाचा दाब सांगते. पहिल्यातून दुसरा वजा केला की पिशवीच्या स्नायूचा स्वतःचा जोर उरतो. टोपलीचं वजन माहीत नसेल, तर मासळीचंही कळणार नाही.

मग सलाइन हळूहळू पिशवीत सोडतात. पहिल्यांदा कधी जाणवलं, लघवीला जावंसं कधी वाटलं, आता धरवत नाही असं कधी झालं, हे तुम्ही सांगायचं. मध्येमध्ये "खोका" म्हणतात. त्यामागे दोन हेतू असतात: गळतं का ते बघणं आणि दोन्ही नळ्या दाब सारखा दाखवताहेत की नाही, हे तपासणं. म्हणून दहादा खोकायला लावलं तर वैतागू नका. कधी नळ सोडतात, कधी हात धुवायला सांगतात. पागोळ्यांचा आवाज ऐकून लघवीला लागतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शेवटी नळ्या जागेवर असतानाच लघवी करायची, की तपासणी संपली. सगळं मिळून अर्धा ते एक तास. काही ठिकाणी कमरेखाली दोन-तीन चिकटपट्ट्या लावतात, त्यांना तारा असतात, आणि काकीच्या मनातला करंट बहुधा इथूनच आला असावा. त्या पट्ट्या डॉक्टरांच्या कानातल्या नळीसारख्या नुसतं ऐकतात. स्नायू किती आवळलाय ते टिपतात. आत काही सोडत नाहीत.

भीती आकड्यांत शिरते

रक्त काढताना तुम्ही घाबरलात तरी हिमोग्लोबिनचा आकडा बदलत नाही. या तपासणीत बदलतो. घाबरलेलं माणूस खालचे स्नायू घट्ट मिटून घेतं. लघवी करायची वेळ आली की ते सुटत नाहीत, आणि आलेखावर धार अडलेली दिसते. ती अडवणूक आजाराची की भीतीची, हे आलेखाला कळत नाही.

मी पूर्वी जिथं काम करायचे तिथली एक दुपार मला अजून सलते. एक बाई खुर्चीवर बसली होती, नळ्या लावलेल्या, पिशवी भरलेली. आता लघवी करायची. तेवढ्यात कुणीतरी फाईल न्यायला दार उघडून आत आलं. त्या माणसानं वर पाहिलंही नसेल. पण बाईनं अंग चोरलं ते चोरलंच. पंधरा मिनिटं गेली, थेंब आला नाही. तिला सांगण्यात आलं, "तुम्ही सहकार्य करत नाही." चूक आमच्या दाराची होती, शब्द तिला लागला. तिला ती तपासणी पुन्हा करावी लागली.

तेव्हापासून रुग्णाला निवांत वाटणं याला मी सौजन्य समजत नाही. काट्याखालची जमीन सपाट आहे का, हे पाहण्याइतकं ते मापाचं काम आहे. हा विषय हाताळणारी आंतरराष्ट्रीय संस्था, १९७१ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी, हीसुद्धा ही तपासणी रुग्णाशी बोलत बोलत करावी आणि घरी होणारा त्रास खोलीत जसाच्या तसा दिसावा, असंच सांगते. म्हणून पडदा, बंद दार, पांघरूण आणि प्रत्येक पायरीच्या आधी एक वाक्य मागताना संकोच करू नका. त्यानं अहवालही चांगला येतो.

दुखतं का?

खरं सांगते: थोडं. नळी जाताना चुरचुरतं, पिशवी भरत आली की तट्ट वाटतं. बहुतेकजणी नंतर म्हणतात की वाटलं होतं तेवढं नव्हतं. स्त्रीची लघवीची वाट जेमतेम ४ सेंटिमीटर असते, त्यामुळे नळी पटकन जाते. पुरुषांत ती सुमारे २० सेंटिमीटर आणि वळणांची असते, म्हणून पुरुषांना जास्त जाणवतं.

त्रास कमी करायला बधिर करणारी जेली वापरता येते. पण ती लावली आणि लगेच नळी घातली, तर नुसता बुळबुळीतपणा मिळतो. बधिरपणा यायला काही मिनिटं जावी लागतात. "सिस्टर, जेली लावून जरा थांबाल का?" हे विचारणं तुमच्या हातात आहे. पूर्वी कधी दाताच्या इंजेक्शननं किंवा जेलीनं ॲलर्जी आली असेल, तर ते आधी सांगा. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल, तर तेही.

दुसरं हातात आहे ते श्वास सोडणं. नळी आत जाते त्या क्षणी आपण श्वास रोखतो आणि खालचे स्नायू आवळले जातात. त्याऐवजी ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडा. चुलीत फुंकणीनं मारतो तशी जोराची नको, त्यानं पोटावर ताण येतो. बशीतला चहा निववताना घालतो तशी. पायाची बोटं सैल सोडा, जबडा सैल सोडा. जबडा आवळून खालचं सैल सोडता येत नाही, हे मी शेकडो जणींत पाहिलंय.

गाणी लावली, आधी चित्रफीत दाखवली तर भीती कमी होते का, यावर अभ्यास झालेत. काहींत फायदा दिसला, काहींत विशेष फरक पडला नाही. मला वाटतं, आवडीचं भजन किंवा गाणं कानात असायला हरकत नाही, पण ‘आता थंड लागेल’, ‘आता थोडं चुरचुरेल’ हे सांगणाऱ्या माणसाची जागा गाणं घेत नाही.

आणि थांबवायचा अधिकार तुमचाच आहे. असह्य झालं तर "थांबा" म्हणा. भरणं बंद करता येतं, पिशवी रिकामी करता येते. हे आधी कानावर पडलं की बाई निम्मी शांत होते.

मग भूल देऊन का करत नाहीत?

काकीनंही हेच विचारलं होतं. पण या तपासणीत अर्धी मोजणी यंत्र करतं आणि अर्धी तुम्ही. ‘आता लागलं’ हे झोपलेला माणूस कसा सांगणार? झोपेत खोकणार कसा, लघवी कशी करणार? गुंगीच्या औषधानं स्नायूही सैलावतात, मग आलेख औषधाचा येतो. दुर्बीण घालून पिशवी आतून बघतात ती तपासणी वेगळी. तिच्यात बघायचं असतं, म्हणून भूल चालते.

"चारचौघांत लघवी सुटली तर?"

सुटायलाच हवी. हे वाक्य मी प्रत्येकीला दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा ते खरं वाटत नाही. आयुष्यभर जे लपवलं, ते इथं दाखवायचं असतं. खोकल्यावर गळलं की बाई ओशाळून माफी मागू लागते, आणि आम्ही मात्र आलेखावर खूण करत असतो की हे सापडलं. जिनं लाजेनं मांड्या आवळून धरल्या, तिचा अहवाल ‘गळती दिसली नाही’ असा येतो आणि ती त्रास घेऊन तशीच घरी जाते. कधी मनापासून प्रयत्न करूनही त्या दिवशी गळत नाही. तसं झालं तर तुमचा त्रास खोटा ठरत नाही. डॉक्टरांना सांगा की घरी गळतं ते इथं झालं नाही.

खोलीत किती माणसं आहेत आणि कोण आहेत, हे विचारा. बाई मदतनीस मागा. शिकणारी मुलं असतील तर नको म्हणता येतं, त्यानं उपचारात फरक पडता कामा नये. सोबत लेक किंवा जाऊ आत येऊ शकते का, तेही विचारून ठेवा. मात्र सगळ्यांनाच सोबत नको असते. काकीनं सुनेला बाहेर बसवलं. "तिच्यासमोर नको," एवढंच म्हणाली.

सगळ्यांनाच ही तपासणी लागते का?

नाही, आणि हे डॉक्टरांना विचारायला घाबरू नये. अमेरिकेत ६३० स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली आले. मुख्यतः खोकताना गळतं, आणि तपासताना ते स्पष्ट दिसतं, अशा या स्त्रिया होत्या. निम्म्यांची शस्त्रक्रियेआधी दाब-तपासणी केली, निम्म्यांची नाही. वर्षानंतर दोन्ही गटांत चांगला गुण आलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच, ७७ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे चित्र सरळ असेल तर ही तपासणी टाळता येते. काकीसारखा मिश्र त्रास, आधीची फसलेली शस्त्रक्रिया किंवा लघवी साठून राहणं असेल, तर तिचा उपयोग होतो.

एका गटाला मात्र ती टाळून चालत नाही, आणि आपल्याकडे त्याबद्दल जास्त बोलायला हवं. माडावरून किंवा आंब्यावरून पडून मणक्याला इजा झालेली माणसं कोकणात गावोगाव आहेत. त्यांना पिशवी भरल्याचं कळत नाही, आत दाब वाढला तरी दुखत नाही. पिशवीतला दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. ४० सेंटिमीटर म्हणजे जवळपास हातभर खोल पाण्याच्या तळाशी असतो तेवढा दाब. लघवी सुटण्याआधी दाब याच्या वर जात असेल, तर मूत्रपिंडांना धोका असतो, आणि तोही मुकाट्यानं. ‘त्याला काही त्रास नाही, कशाला नेता’ असं घरचे म्हणतात तेव्हा नेमकं हेच दिसत नसतं.

इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर खोलीत शिरतानाच सांगा. अशांची पिशवी भरताना अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होऊन घाम फुटणं, रक्तदाब भडकणं असं होऊ शकतं. तसं झालं की भरणं थांबवून पिशवी लगेच रिकामी करावी लागते. खोलीतल्या लोकांनी त्यासाठी तयार असायला हवं.

घाट ओलांडून जाताना

तळकोकणातली माणसं मोठ्या तपासणीसाठी गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर, बेळगाव नाहीतर मुंबई धरतात. ‘भरल्या पिशवीनं या’ आणि फोंडा घाट, या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. ज्यांना धरवत नाही त्यांनी गाडीत पिशवी भरून बसू नये. वाटेत जाऊन घ्या, पोचल्यावर पाणी प्या, आणि तिथं सांगा की मी लांबून आले, मला भरायला थोडा वेळ द्या. उलट टोकही वाईट. प्रवासात लागेल म्हणून आदल्या दिवसापासून पाणी तोडणाऱ्या बायका मी पाहते. त्यांची लघवी इतकी दाट असते की आधीच जळजळ होत असते.

उपाशी राहायची गरज नसते. सकाळी पोट साफ झालेलं असेल तर दुसऱ्या नळीचा त्रास कमी होतो. आधीचे तीन दिवस किती प्यालात, किती वेळा गेलात, कधी गळलं, हे वहीत लिहून न्या. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. लघवीच्या त्रासावरच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. काही डॉक्टर त्या थांबवून तपासणी करतात, काही चालू ठेवून. लघवीत जळजळ किंवा ताप असेल तर निघण्याआधी फोन करा, कारण जंतुसंसर्ग असताना ही तपासणी पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची कृत्रिम झडप, पाळी, गरोदरपणाची शक्यता, हेही आधीच सांगायचं. सामानाच्या पिशवीत एक जादा साडी, परकर आणि टॉवेल असू द्या. ओल्या परकरानं परतीची एसटी धरायची नाही.

नंतरचे दोन दिवस

पहिला दिवसभर जळजळ आणि क्वचित लघवीला गुलाबी झाक, हे चालतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. शहाळंही चालेल, पण मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ते विचारूनच. शहाळ्यात पोटॅशियम असतं, ते अशा मूत्रपिंडांना जड जातं. काही थोड्या जणांना नळीमुळे जंतुसंसर्ग होतो. सरसकट सगळ्यांना आधीपासून प्रतिजैविकं देत नाहीत, ज्यांना धोका जास्त त्यांनाच देतात.

काकीच्या अहवालात दोन्ही निघालं, पण घाईचा भाग मोठा होता. शस्त्रक्रिया तूर्त बाजूला ठेवली आहे. गोळ्या आणि खालच्या स्नायूंचे व्यायाम सुरू आहेत.

तपासणीनंतर थंडी वाजून आली, ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत किंवा वर गेला, लघवी अडली, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा जळजळ दोन दिवसांनंतरही राहिली, तर जिथं तपासणी केली तिथं परत घाट चढून जायची वाट बघू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा, आणि तपासणीचा कागद सोबत न्या, म्हणजे नळी कधी घातली होती हे तिथल्या डॉक्टरांना लगेच कळेल.